छत्रीच्या सिनेमाचा शेवट

मला सिनेमा सांगता यायचा. आता हे बोलले की घरातल्या सुना हसतात. सिनेमा बघायचा असतो, सांगायचा काय असतो, असं त्यांना वाटतं. त्यांनी शेंगा फोडलेल्या नाहीत, म्हणून असं वाटतं.

माझं सासर कुंडलला. मोठा दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती आणि मळ्यात पुन्हा भुईमूग चांगला येत होता. पेरणीआधी बियाणासाठी शेंगा फोडायच्या, त्याही हातानं, कारण दाणा फुटका चालत नाही. दुपारची जेवणं उरकली की आळीतल्या आठ-दहा बायका आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, यायच्या. मधे शेंगांचा ढीग, प्रत्येकीपुढं आपापलं सूप. शेंगा जरा पाण्यानं शिंपडलेल्या असायच्या, तरी दोन दिवसांत अंगठ्याची साल निघायची. तेवढा वेळ हात चालायचे ते फक्त कानाला काम असलं तरच.

म्हणून आमच्याकडं एक रीत होती. सिनेमा सांगणारीनं शेंगा फोडायच्या नाहीत. तिनं नुसतं बोलायचं. गोष्ट संपली की प्रत्येकीनं आपल्या सुपातली एक मूठ दाणे उचलून तिच्या सुपात टाकायचे. गोष्ट आवडली तर मूठ भरलेली, नाही आवडली तर चिमूट. तोंडानं कुणी वाईट म्हणत नसे. सुपाकडं बघितलं की कळायचं.

त्या सोप्यात पाच वर्षं ते भरलेलं सूप माझं होतं.

मी लोणंदची. माहेरी असताना सिनेमाचा तंबू लागायचा, पण चांगल्या घरच्या मुली तंबूत जात नाहीत, असं आमच्या वडिलांचं म्हणणं. पहिला सिनेमा बघितला तो लग्नानंतर, आणि तोही सासूबाईंबरोबर. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं, पण त्याला कारण होतं. सासूबाईंच्या डोळ्याला सांगलीच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना घेऊन मी जायची. डॉक्टरांचं काम बारापर्यंत आटपायचं आणि आमच्या गावची गाडी सुटायची साडेपाचला. मधला वेळ उन्हात स्टँडवर काढायचा की पंख्याखाली बसायचं, असा हिशेब सासूबाईंनीच केला. तीनच्या खेळाला आम्ही दोघी बायकांच्या बाजूला जाऊन बसायचो. पडदा उजळला की दहा मिनिटांत सासूबाई झोपायच्या. त्यांच्या घोरण्यावर पुढच्या बायका वळून बघायच्या आणि मी पदर तोंडाला लावून पडद्याकडं बघत राहायची.

आता खरी गोष्ट सांगते. पाच वाजले की सासूबाई आपोआप जाग्या व्हायच्या. घड्याळ नव्हतं, पण त्यांची वेळ चुकायची नाही. "उठ गं, यस्टी जाईल," म्हणून माझ्या दंडाला धरायच्या. सिनेमा संपायचा साडेपाचच्या पुढं. म्हणजे पाच वर्षांत मी कितीतरी सिनेमे बघितले, पण एकाचाही शेवट बघितला नाही.

हे मला आणि देवाला माहीत. सासूबाईंना वाटायचं, आपण उठतो तेव्हाच सिनेमा संपतो. आळीतल्या बायकांना तर काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा "मंग पुढं काय झालं?" म्हणून विचारलं तेव्हा मी मनानंच जुळवून सांगून मोकळी झाले. हिरोला हिरॉईन मिळाली, दुष्ट मामाला अद्दल घडली. मुठी भरभरून पडल्या. त्यानंतर प्रत्येक शेवट मीच लावला. एस.टी.त बसल्याबसल्या, अर्धी वाट सरेपर्यंत माझा शेवट तयार असायचा. गावात येईस्तोवर मलाही तो खरा वाटायला लागायचा.

मालक फौजेत होते. वर्षाला एकदा सुट्टी, तीही अर्धी भाऊबंदांत जायची. त्यांना पत्रात लिहायला माझ्याकडं काय होतं? म्हैस व्याली, सासूबाईंचे डोळे बरे आहेत, पत्र मिळताच उत्तर द्यावे. म्हणून मी त्यांनाही सिनेमे लिहून पाठवायची, शेवटासकट. ते कळवायचे, तुझा सिनेमा बराकीत वाचून दाखवला, पोरं पुढच्याची वाट बघताहेत. आम्ही दोघांनी शेजारी बसून एकही सिनेमा बघितला नव्हता. पण ते शेवट आमचे दोघांचे होते, असं मला वाटायचं.

आणि मग माझी धाकटी जाऊ आली.

धाकट्या दिरांचं लग्न त्या वैशाखात झालं. मुलगी सांगलीची. मॅट्रिक झालेली, रंगानं उजळ, वेणी कमरेच्या खाली. तेवढ्यानं माझं काही बिघडलं नव्हतं. मुलगी दिसायला चांगली आहे म्हणून जळत बसणारी मी नव्हे, असं मी स्वतःला सांगत होते. पण हळद उतरायच्या आत आळीतल्या बायका म्हणायला लागल्या, "सांगलीची हाय, हिनं सिनेमं लय बघितलं असतील." ते ऐकलं आणि मी माझं सूप जवळ ओढलं.

पहिले काही दिवस ती काही बोलली नाही. कोपऱ्यात बसून शेंगा फोडायची. हात असा चालायचा की आळीतल्या मुरलेल्या बायका बघत राहायच्या. तेही मला आवडलं नाही. सांगलीच्या मुलीला शेंगा फोडता येऊ नयेत, असं माझं साधं म्हणणं होतं.

त्याच आठवड्यात मी सासूबाईंना घेऊन सांगलीला गेले आणि छत्रीचा सिनेमा बघितला. जुनाच सिनेमा होता, परत लागला होता. नाव मी लिहीत नाही. आम्ही त्याला छत्रीचा सिनेमाच म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांगायला बसले. पुण्यातला एक कारकून. लग्नाचं वय झालेलं, पण मनासारखी मुलगी मिळेना. एकदा स्टँडवरच्या गर्दीत त्याची काळी छत्री कुणाच्या तरी छत्रीशी बदलते. हातात येते बायकांची छत्री, मुठीला लाकडी पोपट. गर्दीत त्याला एक हिरवी साडी लांब जाताना दिसते, एवढंच. झालं, हा मनाशी ठरवतो की ही छत्री जिची, तीच माझी बायको. मग छत्री घेऊन घरोघर हिंडतो. बरोबर घरमालकाची मुलगी, कारण तिला गल्ल्या माहीत. आणि जाईल त्या घरी लोकांना वाटतं, स्थळ आलं. छत्रीचं विचारायच्या आत पोह्यांची बशी पुढं. एका घरात दोन बहिणी, दोघीही म्हणतात छत्री माझी. एका घरात बाप पहिलवान, तो ह्याला आधी जोर मारायला लावतो. सहा घरं होतात, सहा बश्या पोहे होतात, आणि पोह्याची बशी दिसली की हा पळत सुटतो.

बायका हसून हसून आडव्या झाल्या. एकीच्या हातून दाणे फुटले म्हणून सासूबाई ओरडल्या. पण सगळ्यांत जास्त हसत होती माझी जाऊ. शेंगा तशाच मांडीवर ठेवून, माझ्या तोंडाकडं टक लावून ऐकत होती. मला वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे आणि मी कुठं चुकते ते बघायला बसली आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी सांगत राहिले.

सातवं घर. कारकून भिंतीवर चढतो, छत्री त्या घरचं कुत्रं आत पळवतं. इथं सासूबाईंनी माझा दंड धरला होता. इथून पुढं सिनेमा माझा. मी सांगितलं, तो भिंतीवरून अंगणात पडतो, वर बघतो तर समोर हिरवी साडी. आत खुंटीला त्याची काळी छत्री. दोन्ही छत्र्या शेजारी शेजारी टांगतात आणि मांडवात तांदूळ पडतात.

"झाक झालं बगा," एक म्हातारी म्हणाली आणि मूठ उचलली.

तेवढ्यात जाऊ म्हणाली, "पण जाऊबाई, शेवट असा नाहीये ना."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती, हे आज कळतं. त्या वेळी मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

"मग कसा हाय?" म्हातारीनं विचारलं. मूठ तशीच हवेत.

जाऊ उठून उभी राहिली. सातव्या घरात एक म्हातारा असतो, एकटा. छत्री त्याच्या बायकोची, ती वारलेली. स्टँडवर ती त्याच्याच हातातून बदललेली. हिरव्या साडीचा काही संबंधच नाही. तो म्हातारा छत्री कशी घेतो, पोपटावरून कसा अंगठा फिरवतो, पोरा पोहे खाशील का म्हणून कसा विचारतो, आणि पोह्यांना भ्यालेला कारकून कसा मुकाट्यानं बशी पुढं ओढतो, हे सगळं तिनं करून दाखवलं. कंबर वाकवून, दात नसल्यासारखे ओठ आत घेऊन. मग कारकून बाहेर येतो. दारात घरमालकाची मुलगी उन्हात तिष्ठत उभी. तिच्याकडं छत्री नाही. तो बघतो आणि त्याला कळतं की सगळी घरं आपण हिच्याबरोबरच हिंडलो.

एकीनं डोळ्याला पदर लावला. म्हातारीची मूठ खाली आली ती जाऊच्या सुपात. तिच्यामागून आणखी तिघी-चौघींच्या गेल्या. माझ्या सुपात दोनच पडल्या आणि त्यातली एक माझ्या चुलतसासूची होती, म्हणजे घरचीच.

मला तिचा हेवा वाटला. नुसता हेवा नव्हे. ती आमच्या घरात आलीच नसती तर बरं, असं वाटलं. तिची वेणी, तिचं मॅट्रिक, तिचं सांगली, तिचा नवरा रोज संध्याकाळी मळ्यातून घरी येतो हे, सगळं एकदम डोळ्यांत खुपलं. मी म्हणाले, "तसं काय न्हाई. मी परवाच बघितलाय."

सासूबाई माझ्या मदतीला धावल्या. "माज्या शेजारी बसून बघितलाय तिनं. मी हुते की."

झोपलेल्या साक्षीदाराची साक्ष. पण सासूबाईंपुढं बोलणार कोण? बायकांत दोन तट पडले. मुलीचीच छत्री पाहिजे, म्हाताऱ्यासाठी कुणी एवढं हिंडतं का, असं काही जणी म्हणाल्या. शेवटी म्हातारीनंच निकाल दिला. सिनेमा अजून उतरलेला नाही. धाकटी परवा माहेरी निघालीच आहे, थोरलीनं तिच्याबरोबर जावं, मुक्काम करावा आणि दोघींनी येऊन एका तोंडानं सांगावं.

वाईट वाटून घ्यायची सवड नव्हती, कारण दोन दिवसांनी मालकांचं पत्र आलं. छत्रीचा सिनेमा मी बघून आल्या दिवशीच लिहून टाकला होता, पण ते पत्र त्यांना अजून पोचायचं होतं. हे त्याच्या आधीच्या सिनेमाचं उत्तर होतं. 'शेवट तुझ्यासारखा कुणी सांगत नाही,' असं त्यात लिहिलं होतं. मी ते पत्र घडी करून पिशवीत ठेवलं आणि जावेबरोबर एस.टी.त बसले. खरं काय ते मला आधीच कळलं होतं. ज्या तऱ्हेनं तिनं त्या म्हाताऱ्याचा अंगठा फिरवला होता, तसं कुणाला मनानं सुचत नाही. मला तरी सुचलं नसतं.

तिचं माहेर दोन खोल्यांचं. वडील पेढीवर दिवाणजी, कडक. घर होतं थेटराच्या मागच्या बोळात. चहा झाल्यावर मला ती मागच्या अंगाला घेऊन गेली आणि एक लोखंडी दार दाखवलं.

"आम्ही इथं उभं राहायचो," ती म्हणाली.

"कशाला?"

"सिनेमा संपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं हे दार उघडायचे, गर्दी पटकन बाहेर पडावी म्हणून. दारवान काही म्हणायचा नाही. बोळातली सगळी पोरं उभी राहायची. रोज तेवढंच बघायचं. बाबांनी आत कधी पाठवलं नाही."

"म्हणजे तू आत..."

"आज पहिल्यांदाच. तुम्ही बरोबर आहात म्हणून पाठवतायत."

मी त्या दाराकडं बघत राहिले. ह्या पोरीनं जन्मभर नुसते शेवट बघितले होते. आणि मी नुसत्या सुरुवाती. कुणी शहाणी बाई असती तर तिथंच हसली असती आणि जावेला जवळ घेतलं असतं. मला सुचलं ते वेगळंच. हिला फक्त शेवट येतात, बाकीचं काही येत नाही, असं मनात आलं आणि मला बरं वाटलं.

तीनच्या खेळाला बसलो. स्टँडची गर्दी आली, छत्र्या बदलल्या, आणि जावेनं माझा हात घट्ट धरला. तो तिनं मध्यंतरापर्यंत सोडला नाही. पोह्यांच्या प्रत्येक बशीला ती माझ्याकडं वळायची आणि हसायची, कारण पुढं काय येणार ते मी तिला आधीच सांगितलं होतं. पाच वाजले. माझं अंग सवयीनं उठायला लागलं. कुणी दंड धरला नाही. कुत्र्यानं छत्री पळवली, कारकून भिंतीवरून पडला, आणि समोर तो म्हातारा आला.

सगळं तिनं सांगितलं तसंच होतं. अंगठासुद्धा. म्हातारा पडद्यावर आला तेव्हाच मागचं लोखंडी दार उघडलं होतं, उन्हाची एक पट्टी आत आली होती, आणि दारात सात-आठ पोरं येऊन उभी राहिली होती. कारकुनानं घरमालकाच्या मुलीकडं बघितलं तेव्हा मला रडू आलं. सिनेमा चांगला होता म्हणून थोडं, आणि माझ्या कुठल्याच शेवटाला अशी सर नव्हती म्हणून पुष्कळसं. माझे सगळे शेवट मांडवात संपायचे. मला दुसरं काही येतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. पिशवीतलं पत्र मी दोनदा चाचपून बघितलं.

दुपारी सोप्यात नेहमीपेक्षा जास्त बायका जमल्या होत्या. शेंगांचा ढीग संपत आला होता, शेवटचे एक-दोन दिवस राहिले असतील. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. म्हातारीनं सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "बोल गं थोरले. कुणाचा खरा?"

जाऊ माझ्या शेजारी बसली होती. तिनं मान खाली घालून एक शेंग हातात घेतली होती, पण फोडली नव्हती. मला खरं सांगायचं होतं, असं मी आता लिहू शकते, पण ते खोटं होईल. मला जिंकायचं होतं.

"मी सांगितला तसाच हाय," मी म्हणाले. "हिरवी साडीवालीच."

"बगा. मी म्हनलं हुतं," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्या जावेकडं वळल्या. "मंग तू काय बघितलंस गं बाई?"

ती मला तोंडावर पाडू शकत होती. एक शब्द पुरला असता. ती म्हणाली, "तेव्हा लहान होते मी. दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाचं डोक्यात मिसळलं असेल."

बायका हसल्या. सांगलीच्या पोरीची जिरली म्हणून जरा जास्तच हसल्या. मग मुठी उचलायला लागल्या आणि एकेक करून माझ्या सुपात पडायला लागल्या, भरलेल्या, वरून दाणे ओघळणाऱ्या. म्हातारीनं तर दोन टाकल्या. सगळ्यांच्या झाल्यावर जावेनं आपल्या सुपात हात घातला. तिच्या मुठीत मावतील तेवढे दाणे तिनं घेतले, एकही फुटका नव्हता, आणि माझ्या सुपात सावकाश सोडले. एवढं भरलेलं सूप मला पाच वर्षांत मिळालं नव्हतं. उचलायला दोन्ही हात लागले.

दिवेलागणीला ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी जवळ जाऊन बसले. खरं सांगायचं तर तिनं मला बोलावं, म्हणजे मला उलट बोलता येईल, म्हणून बसले.

"गप का बसलीस?" मी विचारलं.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "जाऊबाई," ती म्हणाली, "सात-आठ वर्षं झाली, सिनेमा परत लागला की मी त्या म्हाताऱ्याला बघते आहे. त्याच्या हातात ती छत्री. पण तो कारकून ती छत्री घेऊन तिथं का आला, आणि पोह्यांना का भितो, हे मला कधी कळलंच नव्हतं. कुणाला विचारणार? त्या दिवशी तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं." मग भाकरी उलटून म्हणाली, "पाचला तुम्ही उठायला लागलात तेव्हाच ओळखलं मी. तुमच्याकडे आणखी कुठल्या कुठल्या सिनेमांची सुरुवात आहे?"

चुलीतलं लाकूड आत सारलं आणि उठले. मालकांना पत्र लिहायला घेतलं, त्यात खऱ्या शेवटातला म्हातारा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. हिच्याकडून सूप घेतलं, मान घेतला, आणि ही मला सुरुवाती मागते आहे. हेवा वाटायचा थांबेल असं मला वाटलं होतं. त्या संध्याकाळी तो जास्तच वाटला, कारण आता हेवा वाटत होता तो तिच्या मोठ्या मनाचा, आणि ते मला कुठूनच मिळणार नव्हतं.